गाण्यात चालेल असा प्लेअर

२ मे

आज ठरलं. घरात एक डिजिटल म्युझिक प्लेअर घ्यायचा. खिशात मावणारा. दोघांत मिळून एकच. सकाळी बायकोकडे, संध्याकाळी माझ्याकडे. बायको स्विमिंग पूलवर पोहायला शिकवते. शिवाय महिनाअखेरीस ती गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यातल्या स्पर्धेत उतरणार आहे, या काठावरून थेट त्या काठावर. सरावाचा कंटाळा येतो म्हणते. तासन्‌तास पूलच्या तळाची एकच निळी पट्टी बघायची. मी संध्याकाळी फिरायला जातो, तेव्हा मलाही संगीत हवंच. (फिरायला सोमवारपासून जाणार आहे.)

निवड कोण करणार यावर चर्चा झाली नाही. मीच करणार असं मी जाहीर केलं. मेहुणा आलेला होता. तो म्हणाला, "भावोजी, मी आणून देतो, मला यातलं कळतं." कळणं वेगळं आणि कान असणं वेगळं, हे त्याला सांगितलं. माझा कान तयार आहे. लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभागात बसून मी दिवसभर दुसरं करतो काय? ऐकतोच ना!

४ मे

बायकोला तिच्या अपेक्षा विचारल्या. संसारात दुसऱ्याचं मत घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहून भांडी घासत होती. मागण्या दोनच. एक, प्लेअर गाण्यात चालेल असा हवा. दोन, वजन मोठं हवं.

पहिल्या मागणीवर हसू आलं. प्लेअर गाण्यात नाही चालणार तर काय भूगोलात चालणार? पण दाखवलं नाही. दुसरीवर मात्र मनातल्या मनात सलाम ठोकला. वजनदार यंत्र म्हणजे आत भरपूर माल. इतकी वर्षं माझ्यासोबत राहून बाईला जाण आली आहे.

"नीट ऐकलंस ना?" असं तिनं पुन्हा विचारलं. शब्दन्‌शब्द, म्हणालो.

७ मे

ऑफिसात वाईट दिवस. सकाळी एका इमारतीतून फोन. लिफ्टमध्ये गार लागत नाही म्हणे. लिफ्टमध्ये पंखा असतो, एसी नसतो, हे मी गोड शब्दांत समजावलं आणि फोन ठेवला. त्यांनी पुन्हा केला, मी पुन्हा समजावलं. दुपारी साहेबांनी बोलावलं. माणूस म्हणत होता, दार लागत नाही. अख्खी इमारत जिन्यानं चढत होती.

लोक हल्ली पुटपुटतात. शाळेत मोठ्यानं वाचायला लावत नाहीत, त्याचा हा परिणाम. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, फोन जरा दुसऱ्या कानाला लावून बघा. नोकरीला लागल्यापासून फोन डाव्या कानाला. मी सवयी बदलणाऱ्यांतला नाही.

९ मे

पहिलं दुकान. विक्रेता टाय लावलेला, तरतरीत. त्यानं काउंटरवर पाच-सहा प्लेअर मांडले. एकेक कानाला लावला. सगळ्यांत तोच दोष! उजवीकडून आवाज ठणठणीत, डावीकडून जणू कोणी उशीखालून गातंय. टायवाल्याला दाखवून दिलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, दोन्हीकडून सारखंच येतंय सर. ऐन तरुणपणी कान गेलेले. दिवसभर मोठ्या आवाजात राहतात बिचारे. डॉक्टरला दाखव म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला. कोणी आपुलकीनं बोलायची सवय नसावी.

१२ मे

दुसरं दुकान. तोच प्रकार. तिसरं दुकान. तोच.

आता माझ्या लक्षात आलं आहे. हे एका कंपनीचं काम नाही. सगळ्यांनी मिळून डावी बाजू कमी करून ठेवली आहे. ग्राहकाला कळत नाही म्हणून खपतं. कंपन्यांना पाठवायचं कडक पत्र मनात तयार आहे. मी स्वतः तक्रार विभागातला, त्यामुळे कसलं पत्र वाचून कर्मचाऱ्याला घाम फुटतो हे मला ठाऊक आहे.

फिरायला जाणं प्लेअर आल्यावरच सुरू करणार. आधी जाण्यात अर्थ नाही.

१४ मे

मेहुणा त्याचा स्वतःचा प्लेअर घेऊन आला. भावोजी, हेडफोन उलटे घालून बघा, म्हणाला. उजवा डाव्या कानात, डावा उजव्या कानात. घातले. तरीही डाव्या कानात आवाज बारीक. "म्हणजे भावोजी..." असं तो म्हणायला लागला, तेवढ्यात मीच त्याला थांबवलं. म्हणजे याच्या दोन्ही बाजू बिघडल्या आहेत. इतका महागाचा प्लेअर पोरानं काही न तपासता उचलला.

मेहुणा बहिणीकडे बघून काहीतरी पुटपुटला. तोही पुटपुटतो. घराण्यातच आहे.

१७ मे

घेतला! शेवटी टायवाल्याकडूनच. पूर्ण धातूचा. हातात धरला की मनगटाला कळतं. वर नुसती काच, बोट फिरवायचं. एकही बटण नाही. आणि मुख्य म्हणजे डावी-उजवी बाजू कमीजास्त करायची सोय. डावी पूर्ण वर नेली, उजवी जवळजवळ बंद केली, तेव्हा कुठे सूर जागेवर आले.

बायकोनं हातावर तोलला. याला बटणं कुठायत, म्हणाली. आता बटणांचा जमाना गेला, असं मी सांगितलं. मग काच पुसत तिनं विचारलं, "हा नक्की गाण्यात चालतो ना?" छातीवर हात ठेवून म्हणालो, उत्तम चालतो, दुकानात तासभर चालवून बघितलाय. तिला नवल वाटलं. दुकानात? म्हणाली. म्हणालो, हो, संथ, जलद, दोन्हींत. डगमगला नाही.

बायको खूश. माझा हात हातात घेतला. इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं, म्हणाली. तिचे डोळे जरा पाणावले होते. मी विषय बदलला.

१८ मे, दुपार

ऑफिसात बायकोचा पूलवरून फोन. प्लेअर सगळ्यांना आवडला! आवाज चढलेला, भावना आवरत नव्हत्या. बाकीचं नीट ऐकू आलं नाही, मागे बरीच माणसं ओरडत होती. आनंदानं असणार. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं. साहेबांनाही सांगितलं.

१८ मे, संध्याकाळ

आवडला नव्हता. बुडाला होता. सगळ्यांसमोर.

बायकोनं तो टोपीला पट्टीनं बांधून पाण्यात उडी मारली. वजनानं मान एका बाजूला कलली, मग टोपी निघाली आणि टोपीसकट प्लेअर तळाला. शिकाऊ मंडळींना वाटलं, नवा व्यायाम आहे. त्यांनीही माना एका बाजूला कलवल्या. बायकोनं बुडी मारून वर आणला, तेव्हा काचेच्या आत पाणी हेलकावत होतं.

ती म्हणाली, "मी पाण्यात म्हणाले होते. पाण्यात!" मी म्हणालो, तू गाण्यात म्हणालीस. ती म्हणाली, आणि बटण मोठं हवं म्हणाले होते, ओल्या बोटांना सापडावं म्हणून. मी म्हणालो, वजन म्हणालीस. मग स्पष्ट बोलायचं ना! यात माझी बाजू भक्कम होती.

ती भांडली नाही. नुसती चालत माझ्या डाव्या बाजूला मागे जाऊन उभी राहिली. रागावली असेल म्हणून मीही गप्प बसलो. बऱ्याच वेळानं समोर आली आणि विचारलं, मी आत्ता काय म्हणाले? मी म्हणालो, काहीच नाही, तू रुसून उभी होतीस.

ती खाली बसली. माझ्याकडे असं बघायला लागली की मला स्वतःचीच काळजी वाटली.

२० मे

कानाचा डॉक्टर. मी फक्त बायकोच्या समाधानासाठी गेलो. त्यानं दिवा लावून आत बघितलं आणि "अरे बापरे" म्हणाला. मग नर्सला हाक मारली, तीही येऊन बघून गेली. मळाचा बोळा होता म्हणे. कोमट पाण्याची पिचकारी मारली आणि तो बाहेर आला. डॉक्टरनं ट्रेमध्ये ठेवून दाखवला. एवढा मोठा नेहमी बघायला मिळतो का, असं मी विचारलं. नाही, म्हणाला, एवढा क्वचितच. बायकोला हे सांगताना मी फार फुशारकी मारली नाही.

बाहेर रस्त्यावर आलो तर केवढा गोंगाट! माझे बूट करकरतात. कधीपासून करकरत होते कोण जाणे.

२१ मे

ऑफिसात लोक अचानक स्पष्ट बोलायला लागले आहेत. शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्याजवळून जाताना गुणगुणतात असं मला वाटायचं. गुणगुणत नाहीत. काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.

टायवाल्याकडे गेलो. पाण्यात गेलेला माल परत घेत नाहीत. त्यानं आदरानं विचारलं, सर, डावीकडचं आता कसं आहे? बरीच सुधारणा केलीत तुम्ही लोकांनी, म्हणालो.

२३ मे

बायको बाल्कनीत आईशी फोनवर बोलत होती. हळू आवाजात. पूर्वी मला हे ऐकू आलं नसतं. म्हणाली, आई, मला वाटायचं याला माझ्यात रसच उरला नाही. काही विचारलं की नुसतं "हं हं". मी भिंतीशी बोलतेय असं वाटायचं. आणि निघाला मळ!

मग ती हसली. खूप हसली. मग नाक ओढल्याचाही आवाज आला.

मी खुर्चीत बसून राहिलो. कितीतरी वेळा "हं हं" म्हणालो असेन. कशाकशाला म्हणालो, आठवत नाही. आठवणार कसं, ऐकलंच नव्हतं.

भरपाई केली पाहिजे. आणि मला सुचलं आहे. प्लेअर नाही तर नाही. स्पर्धेत प्रत्येक पोहणाऱ्यासोबत एक नाव असते, तीत घरच्या एका माणसाला बसता येतं. मी बसणार. आणि गाणार. माझा आवाज पहाडी आहे, पाण्यावरून लांब जाईल.

बायकोला सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. भारावली असावी.

२८ मे

स्पर्धा झाली. सविस्तर लिहितो.

सकाळी तळं आरशासारखं. नावाडी उंच, मितभाषी. बायको पाण्यात उतरली, मी पहिला सूर लावला. पहिलं गाणं संपेपर्यंत ती आमच्या शेजारी होती. दुसऱ्याला जरा पुढे गेली. मी आवाज वाढवला. ती आणखी पुढे. मी नावाड्याला म्हणालो, जवळ घ्या, तिला ऐकू आलं पाहिजे. त्यानं जवळ घेतली. ती अशी सुटली की पाण्याला फेस आला. शेजारच्या नावांतले लोक उभे राहून बघत होते. एकजण हातवारे करून काहीतरी सांगत होता, मी त्याला हात हलवून दाद दिली.

मध्यावर नावाडी म्हणाला, साहेब, जरा वल्ही मारता का, माझा खांदा भरून आलाय. मारली. वल्हवताना गाता येत नाही, दम पुरत नाही. दोन ओळी म्हणायचो, मग धापा टाकायचो. त्याचा खांदा शेवटपर्यंत बरा झाला नाही. तरी तो खुशीत शीळ घालत बसला होता.

बायको तिसरी आली! सरावात कधी एवढं जमलं नव्हतं. मी धावत काठावर गेलो. टॉवेलमध्ये गुंडाळलेली, दात वाजतायत, पण चेहरा उजळलेला. माझं गाणं पोचलं ना, विचारलं. पोचलं, म्हणाली. प्रत्येक सूर पोचला. त्यापासून लांब जायचं म्हणूनच एवढी जोरात पोहले.

खूप दमली होती. दमलेला माणूस काहीही बोलतो.

मग माझ्या खांद्यावर ओलं डोकं टेकून हसत बसली. पदक माझ्या हातात दिलं, धर जरा म्हणाली. घरी पोचेपर्यंत मीच धरलं.

३० मे

बायकोनं आज स्वतःच प्लेअर घेतला. मी स्कूटर लावून दुकानात शिरेपर्यंत ती पिशवी घेऊन बाहेर आली. एवढ्या घाईत केलेली खरेदी कधी चांगली निघते का? पण बोललो नाही. हलकाच आहे. बटणं अंगठ्याएवढी. पाण्यात चालतो.

दोघांत मिळून एक हे मात्र तिनं कायम ठेवलं. मला बरं वाटलं. स्वयंपाकघरात येऊन खोका उघडला आणि हेडफोन पहिल्यांदा माझ्याच कानांत घातले. तुझा कान तयार आहे, तूच सांग कसा आहे, म्हणाली.

मी डोळे मिटले. खरं सांगतो, असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. डावी-उजवी अगदी समान. खालून एक अखंड, गंभीर षड्ज. तंबोरा असावा. मधूनच हलकी थरथर, मग शांत, मग पुन्हा तोच सूर. मी तिला समजावून सांगितलं. म्हणालो, याला खोली म्हणतात, साध्या कानाला हे कळत नाही. कलाकार मोठ्या तयारीचा आहे, कुठेही घाई नाही. बराच वेळ बोललो. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

डोळे उघडले तर ती तोंडावर हात धरून उभी. म्हणाली, मी अजून प्लेअर चालू केलेला नाही. तो फ्रीज आहे.