फाटकावरची झडती

महिपत,

आटगावच्या वखारीत आपन लष्कराच्या घोड्यांचं गवत दाबून गठ्ठे बांधायचो. आत काडेपेटी न्यायची नाय, म्हनून फाटकावर तू सगल्यांची झडती घ्यायचास. माजी कधीच नाय. नुसता हसायचास.

त्या दिवशी कुंडलिकदादाची काडेपेटी माज्या कमरेला होती. "माज्या बिडीपुरती आत ने गो, तुजी झडती होत नाय," म्हनला. वखार पेटली. पोलिसांनी तुला नेला. झडती कोनाची घेतली नाय, ते तू सांगितलं नायस. मीबी दादाचं नाव घेतलं नाय. बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलंय. आता टोकावड्याला माजं लगीनबी त्यानंच ठरवलंय.

हे पत्र रोज मनात सांगते. लिवनार कोन? आमच्या घरात लिवता येतं ते एकट्या दादाला.

तुजी होता होता राहिलेली,
सुंदरा