ताईला ऐकवलेला रेडिओ

रविवार, संध्याकाळ. डोंबिवली

माळा आवरताना ताईचा सीडी प्लेअर सापडला. तिने पहिल्या पगारातून घेतलेला, रेडिओवाला. सीडी आता फिरतच नाही. नवे सेल घातल्यावर रेडिओ मात्र लागला, पण फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात. तेव्हाही तिथेच लागायचा. दुपारी बाबा झोपलेले असायचे, म्हणून आवाज बारीक करून आम्ही दोघी त्याला कान लावून बसायचो.

राहवलं नाही. मेलबर्नला ताईला फोन लावला आणि रेडिओसमोर धरला. नेमक्या जाहिराती चालू होत्या. कल्याणचं साड्यांचं दुकान, ठाण्यातले फ्लॅट.

"थांब, गाणं लागेल आता."

"जाहिराती असू देत गं. गाणी इथेही मिळतात."

यंदा तरी येणार का, हे विचारायचं होतं मला. काय होणार विचारून? ती सुट्टी नाही म्हणणार, मी बरं म्हणणार. नाही विचारलं.

गाणं लागलं तेव्हा म्हणाली, "मागे भाजीवाला ओरडतोय ना? फोन जरा तिकडे कर."

भाजीवाला गल्लीतून वळून दिसेनासा होईपर्यंत मी फोन गॅलरीबाहेर धरून उभी होते.