नळीचं टोक

३ सप्टेंबर

बसता येत नाही मला! जन्मभर मांडी घालून बसले, आणि आज रायफल क्लबात सर सगळ्यांसमोर म्हणतात, "तुम्ही बसलेल्या नाही, तुम्ही पडायच्या बेतात आहात." ताई हसल्या. त्या हसणारच.

चूक काय, तर मी कोपर गुडघ्याच्या वाटीवर टेकवते. हाडावर हाड, मग ते घसरतं आणि रायफल डुलते. कोपर वाटीच्या पुढे न्यायचं, दंडाचं मांस नडगीवर टेकवायचं, घोट्यावर घोटा, कमरेतून वाकायचं, आणि मग सैल सोडायचं. सैल! पोटऱ्यांत गोळे आलेत, पाठीला कळ लागलीय, आणि म्हणे सैल सोडा.

क्लबच्या संघात बसून नेम धरणाऱ्यांसाठी एकच जागा आहे. निवड महिनाअखेरीला. कित्येक वर्षं ती ताईंची आहे – माझ्या थोरल्या नणंदेची. मला ती हवी आहे. इथे तरी कशाला लपवू? हवी म्हणजे हवी.

५ सप्टेंबर

दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासल्या. एका आजोबांचा खालचा जबडा तिसऱ्यांदा परत आला – "टोचतो." संध्याकाळी क्लबात पुन्हा वाकून बसायचं. नवरा म्हणतो, "वरच्या मजल्यावर एक रायफल, खालच्या मजल्यावर एक रायफल, आणि मी मध्ये जिन्यात." त्याला सगळी गंमतच वाटते. बहीण त्याचीच.

८ सप्टेंबर

जमलं! सर म्हणाले, "डोळे मिटा. श्वास सोडा. आता उघडा. माशी कुठे गेली?" माशी म्हणजे नळीच्या टोकावरची खूण, ती टार्गेटच्या पार डावीकडे. मी हाताने ओढायला लागले तर ओरडले, "हात नाही! बूड हलवा!" बूड हलवलं. जरासंच. पुन्हा डोळे मिटले, उघडले – मधोमध. रायफल आपोआप तिथे येऊन थांबली होती. पाच छर्ऱ्यांत तीन दहा!

ताई या वेळी हसल्या नाहीत. मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

११ सप्टेंबर

आज जोड्या लावल्या. एकीने नेम धरायचा, दुसरीने टार्गेटकडे न बघता फक्त नळीचं टोक बघायचं. माझ्या वाट्याला ताई.

सर सांगत होते – रायफलचा पट्टा दंडाच्या शिरेवर बसला की टोक नाडीबरोबर उडतं. थोडं उडणारच, माणूस जिवंत आहे. पण एकसारखं उडालं पाहिजे. दोन ठोक्यांच्या मधे चाप ओढायचा.

ताईंचं टोक एकसारखं उडत नाही. टिक, टिक, मग काहीच नाही, मग टिकटिकटिक घाईघाईने. त्या मधली जागा शोधत राहतात आणि जागा हुकते. आठ. नऊ. पुन्हा आठ.

"काय दिसलं गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. छान आहे."

पट्टा चुकीचा बसलाय त्यांचा, मला स्पष्ट दिसलं. मी मूग गिळून बसले. त्यांनी मला हसताना कुठे विचार केला होता?

१२ सप्टेंबर

सांगावं का? नाही.

१५ सप्टेंबर

मी पुढे आहे. चांगली पुढे! ताईंनी स्वतःच पट्टा खाली घेतला, मग वर घेतला, मग जॅकेटची बटणं सैल केली. टोक तसंच. चिडून चटईवर हात आपटला त्यांनी. ताई कधी अशा चिडत नाहीत. मी आपली चटई गुंडाळत राहिले. आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू?

१९ सप्टेंबर

झोप येईना, म्हणून उठून लिहितेय.

ताई वर आल्या होत्या, सोफ्यावर पायावर पाय टाकून बसल्या. भावाशी गप्पा चालल्या होत्या. माझं लक्ष सहज त्यांच्या वरच्या पायाकडे गेलं. चपलेचं टोक हलत होतं. टिक, टिक, मग काहीच नाही, मग टिकटिकटिक.

पट्टा नव्हता. रायफल नव्हती. जॅकेट नव्हतं.

इतके दिवस मी पट्ट्याची चूक म्हणून आनंदाने बघत होते ते त्यांचं हृदय होतं.

२० सप्टेंबर

नवऱ्याला सांगितलं. चेहरा उतरला त्याचा. म्हणाला, "तूच सांग तिला. माझं ऐकत नाही ती." बायकोला पुढे करायचं, हे बरं आहे! पण सांगणार कसं? निवड तोंडावर आलीय. पुढे असलेल्या बाईने मागे पडलेल्या बाईला सांगायचं, तुमच्या हृदयात काहीतरी बिघाड आहे. मी स्वतः तरी विश्वास ठेवला असता का?

२१ सप्टेंबर

सांगितलं. ताई त्यांच्या सायकलच्या दुकानात चाकाचा आउट काढत, म्हणजे वाकलेलं चाक सरळ करत होत्या. मी बोलत होते तोवर चाक फिरवत राहिल्या.

"जिंकायची ही नवी तऱ्हा का? आधी नीट बसायला शीक, मग माझी नाडी बघ."

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच परत आले. मरू दे – नाही, हे खोडते. असलं काही लिहायचं नाही.

२३ सप्टेंबर

आज क्लबात जाऊन निवडीतून नाव काढून घेतलं. सर बघतच राहिले. मी म्हटलं घरचं कारण आहे. येताना जिन्यात रडले. मग डोळे पुसले आणि सरळ दुकानात गेले.

"ताई, आता मला यातून काही मिळायचं नाही. नाव काढलंय. आता तरी डॉक्टरकडे चला."

त्यांनी हात पुसले. मग पान्ह्यांचा खण उघडला आणि गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे टाकली. एकही गोळी काढलेली नव्हती.

त्यांना माहीत आहे! केव्हाचं माहीत आहे. डॉक्टरांनी बजावलंय – गोळी चुकवलीत तर एक दिवस दुकानातच आडव्या व्हाल. पण या गोळीने ठोका मंदावतो, हात स्थिर होतो, म्हणून आमच्या खेळात तिच्यावर बंदी आहे. मोठ्या स्पर्धेत तपासतात.

"निवड नाही झाली तर त्याच दिवशी सुरू करणार होते," ताई म्हणाल्या. "शपथ घेतली होती मनाशी. झाली तर नोव्हेंबरातल्या स्पर्धेपर्यंत थांबणार. आता तू नावच काढलंस, निवड माझीच. म्हणजे थांबायचं."

मी म्हटलं, सरांना सांगते. "सांग. दुसऱ्या क्लबकडून खेळेन. गोळी नाही घेणार." मग एकदम आवाज खाली आला. "दिवसभर मी कोणाची तरी ताई असते, कोणाची पंक्चरवाली असते. तिथे चटईवर बसले की मी मी असते. एवढं एक आहे गं माझं."

मी त्यांचं भलं करायला गेले आणि दोन महिन्यांचा धोका वाढवून आले. काय अक्कल माझी!

२४ सप्टेंबर

नाव परत घातलं. सर म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे?" मी म्हटलं, "हो सर."

सरावात आज ताई शेजारच्या चटईवर होत्या. एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलंय मी परत का आले ते.

२७ सप्टेंबर

बसता येत नाहीये. शिकलेलं सगळं गेलं. कोपर घसरतं, खांदे कानाला लागतात, डोळे उघडले की माशी भलतीकडेच. सर विचारतात, "झालं काय तुम्हाला?"

द्वेषाने बसत होते तेव्हा कशी दगडासारखी बसत होते! आता इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ती जागा नको आहे, आणि आता ती मिळवायलाच हवी. त्यांचं जे एकच आहे ते मी त्यांच्याकडून काढून घ्यायचं. तेही अंग सैल सोडून.

भीती वाटते. हरण्याची वाटते आणि जिंकण्याचीही वाटते.

२८ सप्टेंबर

जिंकले. एका गुणाने.

ताईंनी रायफल पिशवीत घातली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. सगळे माझं अभिनंदन करत होते, मला धड ऐकू येत नव्हतं.

आत्ता नवरा खालून आला. ताईंनी त्याच्यासमोर गोळी घेतली. पेला आपटला आणि म्हणाल्या, "जा, सांग तुझ्या बायकोला. झालं म्हणावं समाधान?"

हो. झालं.