तीन वर्षांनी सगळ्यांसाठी खुलं

२ मे
लायसन्स पुन्हा वाचलं. मीच लिहिलेलं, दोष कुणाला देणार? लॉन्ड्रीच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती काढली तेव्हा फार उदार झालो होतो. लिहून बसलो: कोड सगळ्यांनी बघावा, पण धंद्यात वापरायचा तर तीन वर्षं मला पैसे द्यायचे. त्यानंतर ती आवृत्ती ओपन सोर्स, कुणीही फुकट घ्यावी. तेव्हा लोकांनी वाहवा केली होती. मुदत १ जूनला संपते.
घाबरायचं कारण नाही. अख्खा महिना हातात आहे.

५ मे
प्लॅन: अशी जबरदस्त नवी आवृत्ती काढायची की जुनी फुकट दिली तरी कोणी हात लावणार नाही. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, इतक्या वर्षांत नवीन काय काय घातलंस? म्हटलं, बरंच. उदाहरण मागितलं. म्हटलं, टेक्निकल आहे. ती म्हणाली, जूनपर्यंत बघू, मग मात्र नोकरी शोध. लगेच हो म्हटलं. तशी वेळच येणार नाही.

९ मे
जोरात सुरुवात. नव्या आवृत्तीचं नाव ठरत नाहीये.

१४ मे
सुचलं! नवी आवृत्ती काढली की मुदत नव्याने सुरू. एक बटण निळं केलं आणि काढली. सुटलो.

१५ मे
बायकोने लायसन्स वाचलं. कोणी सांगितलं नव्हतं. तिचं म्हणणं, प्रत्येक आवृत्तीची मुदत वेगळी. निळ्या बटणाची कालपासून, पहिली मात्र १ जूनला सुटणारच. मी म्हणालो, तुला कायद्याची भाषा कळत नाही. भाषा माझीच होती. जेवण गेलं नाही.

२४ मे
इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. भीती वाटते. मोठं गिऱ्हाईक एकच, लॉन्ड्रीवाले काका. बाकीचे दोघे त्यांच्याच ओळखीचे. ते गेले की पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात गळ्यात कार्ड अडकवून रजेसाठी तोंड वेंगाडायचं. नको. आयुष्यात हे एवढं एकच माझं म्हणून उभं राहिलंय.
पण काकांकडे पाचवी आवृत्ती आहे. प्रत्येक अपडेटचा मेल करतो, ते अंगठा पाठवतात. पहिली फुकट झाली काय नि न झाली काय, त्यांना काय करायचंय? उगाच जीव काढतोय.

१ जून, दुपार
खुली झाली. कोणीही घेतली नाही. थोडं वाईटच वाटलं.

१ जून, संध्याकाळ
काकांचा फोन. खुशीत होते. म्हणाले, फुकट झालं म्हणे, मग यंदापासून पैसे बंद ना? मी समजावलं, काका, फुकट झाली ती पहिली, तुमच्याकडे पाचवी आहे. ते म्हणाले, छे रे, आम्ही पहिलीच वापरतो. बदलायची कधी गरजच पडली नाही. एकदा म्हणून बंद पडली नाही. असं पक्कं काम हल्ली कोण करतं, असंही म्हणाले.
बायकोला सांगितलं. वाटलं, बोलेल काहीतरी. नुसता पाठीवर हात ठेवला. ते जास्त लागलं.

८ जून
काकांनी नवीन दुकान उघडलंय. तिथे ती फुकटची आवृत्ती बसवून द्यायला बोलावलं. का गेलो देव जाणे. बसवली, काउंटरवरच्या बाईंना शिकवली. कुठे अडलं नाही. काका पाकीट काढायला लागले, तर मीच म्हणालो, राहू द्या, खुलं आहे ते. मग ते म्हणाले, निदान कपडे तरी टाक, इस्त्री आमच्याकडून.
म्हटलं, एक शर्ट आहे. उद्या सकाळपर्यंत हवा, मुलाखत आहे.