पांढऱ्या चिठ्ठीचे वीस जण

पुंता सेका,
बुधवार, ९ मार्च २०१६, दुपार

लाडक्या लिगियास,
तुझ्या धर्मबाबाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तिचा गुडघा कुरकुरतो, पण तुझ्या मलमापेक्षा शेजारणीच्या तेलावर तिचा विश्वास जास्त. उत्तरेचा वारा तीन दिवसांनी पडला. समुद्र आज इतका निवांत आहे की होड्या पाण्यावर नाही, हवेत टांगल्यासारख्या दिसतात. मी दवाखान्यात, पाणबुड्यांवर उपचार करायच्या दाबाच्या टाकीच्या खोलीत, झोळीत पडून लिहितो आहे. इथे गार आहे.

परवा मेरिदात तू तुझा निबंध वाचायला मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहणार. चाळीस बेसबॉल खेळाडू, चाळीस मुरगळलेले घोटे. अर्ध्यांना टाकीत दाबाखाली ऑक्सिजन, अर्ध्यांना नुसता भास. दोन्हीकडचे सारख्याच दिवसांत पळायला लागले, म्हणून ऑक्सिजनचा घोट्याला उपयोग नाही. इतकं स्वच्छ लिहिलं आहेस की माझ्यासारख्या म्हाताऱ्या पाणबुड्यालाही समजलं. म्हणूनच लिहायला बसलो.

पहिल्या दिवशी बंद पाकिटं माझ्या हाती देऊन तू म्हणाली होतीस, "धर्मबाबा, कुणाला काय मिळालं ते मला स्वप्नातसुद्धा सांगायचं नाही." निळ्या चिठ्ठीवाल्याला दहा मीटरच्या दाबापर्यंत न्यायचं. पांढऱ्या चिठ्ठीवाल्याला जेमतेम एक मीटर, कान दडपतील एवढंच, आणि मुखवट्यात साधी हवा. मीटर मात्र मी बाहेरून दोघांनाही दहापर्यंत मोजून दाखवायचे.

पहिली पांढरी चिठ्ठी विल्बेर्त चुक या खेळाडूची निघाली. घोटा पपईएवढा. त्याचे सोबती काचेला नाक लावून मला म्हणत होते, याला खालीच ठेवा, निदान झेल तरी सोडणार नाही. विल्बेर्तने छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे मिटले. मी मोजू लागलो. दोन मीटर, तीन मीटर. प्रत्येक आकड्याला तो शहाण्या मुलासारखा आवंढा गिळत होता. पाचावर आतून त्याचा आवाज आला, "आनाक्लेतोबाबा, इथे उजेड हिरवा झालाय."

काटा एकावर होता. माझा हात दाब वाढवायच्या चाकावर होता, आणि तो फिरला. मी विल्बेर्तला खरंच खाली नेलं. ऑक्सिजनही सोडला. त्याच्यामागून आलेल्या एकोणीस जणांनाही. ते आत झोपायचे, बाहेर येऊन मासे पाहिल्याचं सांगायचे, आणि मला बरं वाटायचं.

म्हणजे तुझ्या चाळीसांत भास कुणालाच मिळाला नाही. ऑक्सिजनने घोटा लवकर बरा होतो की नाही ते मला माहीत नाही, आणि पोरी, तुलाही माहीत नाही. वर्षभर राबून तू जे शोधत होतीस ते मी सापडू दिलं नाही.

का, ते सांगायला हवं. मघापासून टाळतो आहे.

तुझा बाप टाकीत उपचार चालू असताना गेला, असं तू ऐकत आलीस. ते मीच पसरवलं. समुद्रकाकडी वेचायच्या हंगामात नाबोर खोल पाण्यातून घाईने वर आला, रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि होडीतच त्याचे पाय लुळे पडले. आम्ही त्याला इथे आणला, तर टाकीत दाब भरणारा कॉम्प्रेसर सकाळपासून बंद. तिसिमीनहून मेकॅनिक यायला चार तास. नाबोर घाबरला होता. मी दार लावलं आणि त्याला धीर यावा म्हणून मीटर मोजायला लागलो. एक, दोन, तीन. काटा शून्यावर. नाबोर माझ्यापेक्षा तरबेज पाणबुड्या होता. कान दडपत नाहीत हे त्याला कळलं नसेल? तरी तो प्रत्येक आकड्याला आवंढा गिळत राहिला. माझ्यासाठी. अठरावर म्हणाला, "बास, दोस्ता. इथे छान आहे." मेकॅनिक आला तेव्हा तो गेलेला होता.

आज जेवताना तुझ्या आईला हे सांगितलं. मी निघालो तेव्हा ती अंगणात वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर घालत होती.

हे फोनवर मला बोलता आलं नसतं. पत्र बसच्या ड्रायव्हरपाशी देतो, संध्याकाळी तुला मिळेल. शुक्रवारी तो निबंध वाचू नकोस. उद्या पहिल्या बसने मी येतो. वहीत प्रत्येकाचे खरे मीटर लिहिले आहेत, ती आणतो. ज्यांच्यापुढे सांगायचं त्यांच्यापुढे मला उभं कर, मी माझ्या तोंडाने सांगेन. दवाखाना मला काढून टाकेल, टाकू दे. तू मात्र हे काम सोडू नकोस. पुन्हा चाळीस जण गोळा केलेस, तर चाकावर दुसरा माणूस बसव. माझ्या हाताचा भरवसा नाही.

तुझ्या बापाचा दोस्त,
आणि तू म्हणशील तर अजूनही तुझा धर्मबाबा,
आनाक्लेतो उइकाब