बाबांच्या कानाची काळजी

सोमवार, ३ मार्च
दुरुस्ती. शुक्रवारच्या नोंदीत मी लिहिलं की बाबांची तार उतरलेली होती आणि मी मुकाट्याने माझं व्हायोलिन त्यांच्याशी जुळवून घेतलं. ते खरं म्हणजे शनिवारी झालं. शुक्रवारी बाबा दाताच्या डॉक्टरकडून उशिरा आले, म्हणून तार आधी मी लावली आणि माझ्यावरून त्यांनी. बाकी मजकूर बरोबर आहे.
मुद्दा असा की बाबांचा कान गेला. घरात सूर लावायचं यंत्र नाही. बाबा म्हणतात, दोन चांगले कान असताना यंत्र कशाला पोसायचं. पाचव्या वर्षापासून त्यांनीच शिकवलं, त्यामुळे बोलायचं कसं? पण ३० तारखेला त्यांचा ऑर्केस्ट्रातून निरोपाचा कार्यक्रम आहे. दोन व्हायोलिन आणि पियानो. सगळ्यांसमोर शोभा होण्यापेक्षा त्यांनी नुसते आभार मानावेत, वाजवेन मी.
उद्या स्पष्ट सांगणार.

मंगळवार, ४ मार्च
सांगितलं नाही. ते कार्यक्रमाचे बूट पॉलिश करत होते. हातात बूट असलेल्या माणसाला असलं काही सांगता येत नाही.

शनिवार, ८ मार्च
बाबांचा सूर आणखी खाली. मीही लगेच खुंटी सैल केली. त्यांना पत्ता लागला नाही. उलट फार मायेने बघत होते. वय झालं की माणूस हळवा होतो.

बुधवार, १२ मार्च
आईला विश्वासात घेतलं. ती ताटल्या पुसत होती. म्हणाली, मी म्हणजे या घरातली पोस्टाची पेटी झाले आहे, जो येतो तो टाकून जातो. हे मला लागलं. टाकणारी मी एकटीच तर आहे.

सोमवार, १७ मार्च
बाबांनी आपणहून विचारलं, दोघांनी कान तपासून घ्यायचे का, सहज, सोबत म्हणून. एकट्याने जायला घाबरतात बिचारे. मी तत्काळ हो म्हटलं.

बुधवार, १९ मार्च
डॉक्टर म्हणाले, दोघांचे कान उत्तम. माझ्या मते त्यांचं मशीन जुनं असावं. बाबाही बाहेर आल्यावर अगदी हेच म्हणाले.

शनिवार, २२ मार्च
हॉलवर रिहर्सल. घरूनच तारा लावून गेलो होतो. चार स्वर झाले आणि पियानोवाल्या बाईंनी हात उचलले. म्हणाल्या, तुम्ही दोघं एकमेकांशी इतके नेमके जुळलेले आहात की ऐकत राहावं, फक्त माझ्या पियानोपेक्षा अर्ध्या सुराने खाली आहात. सूर कोणी दिला?
मी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडेच बघत होते.
मग बाबा म्हणाले, मीच दिला, कान पूर्वीसारखा राहिला नाही, पोरगी आदराने मागे मागे आली. तीस तारखेला मी आभार मानेन, वाजवेल ती.
मला हवं होतं तेच, न मागता मिळालं. रस्ताभर खूश होण्याचा प्रयत्न केला.
घरी आईला सांगितलं. तिने हातातलं काम ठेवलं. म्हणाली, आता पुरे तुमचं. एक मार्चपासून तो मला रोज सांगतोय की पोरीचा कान उतरलाय, तिला कुणी बोलायचं नाही, तिला वर ओढलं तर ती घाबरेल, मीच तिच्यापर्यंत खाली जातो. तिला एकटीला खाली सोडायचं नाही, म्हणाला.

रविवार, २३ मार्च
वही पहिल्यापासून वाचली. माझ्या नोंदी काटेकोर आहेत, हे मान्य करावं लागेल. शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला, तार आधी कोणी लावली हे ३ मार्चच्या दुरुस्तीत स्वच्छ लिहिलेलं आहे.
बाबांनी बूट डब्यात घालून कपाटावर ठेवले आहेत.
आज सांगायला गेले होते. ते आभाराचं भाषण पाठ करत होते, आणि त्यात माझं नाव तीनदा येतं. उद्या दात काढणार आहेत, तोंडात बोळा असेल, त्यांना उलट काही बोलता येणार नाही. तो अन्याय होईल.
मंगळवार, २५ मार्च, संध्याकाळी सहा. कपाटावरचा डबा मी स्वतः खाली काढणार, बूट त्यांच्या हातात देणार आणि मग सांगणार.