लाईन गेली तर पाळी कुणाची?

९ जानेवारी, गुरुवार

सोमकुवर सरांनी आज भर वर्गात धुतलं! "रोशनी, एल.एल.एम. म्हणजे फुटाळा तलावावरची चक्कर नाही. आली, फिरली, पाणीपुरी खाल्ली, गेली." सगळे हसले. मीपण हसले, वाक्यच भारी होतं! वर्ग सुटल्यावर मात्र बाजूला बोलावून हळूच जे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. महिनाअखेरीस कमिटी बसणार. प्रबंधाचा विषय तिच्यासमोर ठेवायचा. माझी मुदत आधीच दोनदा वाढवून झालीय. या वेळी विषय नसेल तर प्रवेश रद्द — खलास.

घरी सांगितलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पार्लरचा कोर्स सोडला. टूरवाल्याची नोकरी सोडली. वकिली पास झाली अन् कोट एक दिवस नाही घातला. हे बी सोडशीन." रागानं नाही म्हणाली. हवा-पाण्याबद्दल बोलतात तसं. ते जास्त लागलं.

नाही सोडणार. बघच तू!

१० जानेवारी

विषय मिळाला!! नायलॉन मांजा! बंदी असूनही गल्लोगल्ली मिळतो, म्हणजे कायदा कुठे कमी पडतो? मी नोकरी करते त्या लकडगंजातल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून लवकर सटकले, नंदनवन भागातल्या दुकानदारांना विचारायला. विचारता विचारता एका गच्चीवर पोचले. तिथे पोरं पतंग उडवत होती. मग काय — अंधार पडेपर्यंत तिथेच!

सरांना फोन केला तर म्हणे, "मांजावर दरवर्षी चार जण लिहितात."

गेला.

१२ जानेवारी, रविवार

काय दिवस होता! कुठून सुरू करू?

अंकित माझ्या बेंचवर बसतो. दिवसा एका वकिलाकडे ज्युनियर. त्याचं गाव नरखेडच्या पुढे, संत्र्याच्या बागा. आज तो घरी निघाला होता, मी म्हटलं मीपण येते. "काहून?" "असंच." एसटी, मग त्याची मोटरसायकल. वाटेत बोरांचं झाड दिसलं म्हणून थांबलो. मग एका म्हाताऱ्याशी त्याच्या बैलाबद्दल बोलत बसले. अंकित हॉर्न वाजवून वाजवून थकला.

बाग पाहिली आणि वाटलं सगळी झाडं आजारी आहेत. पानं लोंबलेली, वळलेली. अंकित म्हणाला, मुद्दाम. डिसेंबरपासून पाणी तोडतात. ह्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं घाबरलं की मग पाणी सोडायचं, आणि मग ते फुलतं. वेळेवर सोडलं नाही तर? "तं पानं गळतात, फूल येत नाही, वर्ष गेलं."

विहीर एक, मोटर एक, भागीदार दोन. अंकितची आई पुष्पलताकाकू आणि त्याचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कवडूकाका. अंकितचे बाबा गेल्यापासून शेत काकूच पाहते. एक हप्ता याचं पाणी, एक हप्ता त्याचं, सोमवार ते रविवार. आता काकांचा चालू होता. आणि गंमत — काकू भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नाही! रीत आहे म्हणे. ती संत्र्याच्या झाडाकडे तोंड करून म्हणते, "त्याईले म्हना, जेवन झालं." काका मोटरकडे तोंड करून म्हणतात, "येतो म्हना." मधे कोणीच नाही!

आम्ही उभे होतो आणि लाईन गेली. मोटर बंद. माझ्या तोंडून सहज निघालं — "लाईन गेली तर पाळी कुणाची?"

काका बघतच राहिले. "हे कोनी विचारलंच नाही आजलोक."

"पण नियम काय आहे? सांगा ना, पुस्तकात येईल!" मी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू केलं. काकांनी टोपी सारखी केली. स्टेजवर उभं राहिल्यासारखा आवाज — "लाईन गेली तं पाळी गेली. विहीर कोनासाठी थांबत नाही. लिहा."

मग स्वयंपाकघरात काकूला विचारलं, रेकॉर्डिंग चालूच. ती म्हणाली, "लाईन गेली तं पाळी उभी राह्यते. पानीच नाही भेटलं तं पाळी कायची वं? लिही."

एक विहीर, दोन उलटे कायदे!! मी चुलीसमोर नाचले.

परत येताना अंकित म्हणाला, "यावरून त्यांचं कधी भांडन नाही झालं."

"मग कसं ठरायचं?"

"कसं म्हंजे? ज्याची झाडं जास्त सुकली, पानी त्याले. मागच्या वर्षी मोठेबाबांनं आपली पाळी सोडली होती."

"तो काही नियम नाही ना पण!" — हे मी म्हटलं.

१३ जानेवारी

सर खुर्चीतून उठले! चहा तसाच राहिला! "अगं, सुखाधिकाराचा कायदा वीज यायच्या आधीचा आहे. लाईन जाण्याचं कलम त्यात असणार कुठून? हे फक्त रूढीत सापडेल, आणि रूढी कोणी लिहून ठेवली नाही. ही दोन्ही रेकॉर्डिंगं कमिटीसमोर वाजव. जिवंत पुरावा!"

सुखाधिकार. म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी घ्यायचा हक्क. कायद्यात इतका गोड शब्द असतो?

१४ जानेवारी

संक्रांत. दिवसभर पुस्तक. पतंगाला हात लावला नाही. आईनं कपाळ चाचपलं, "ताप तं नाही आला वं?"

१६ जानेवारी

अंकित म्हणाला गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळली, सोमवारी सकाळीच. काकूचा हप्ता त्याच दिवशी सुरू होणार होता. मी "अरेरे" म्हटलं आणि विचारलं, रूढी किती जुनी असावी लागते रे? तो पुस्तक मिटून उठला.

२० जानेवारी, सोमवार

नवी डीपी काल संध्याकाळी बसली. म्हणजे काकूचा सगळा हप्ता कोरडा गेला. आज सकाळपासून काकांची पाळी. आणि काकांनी मोटर आपल्याच बागेकडे लावली! त्यांच्या झाडांना एक पाणी होऊन गेलंय. काकूची झाडं अजून ताणावरच.

अंकित आज मागच्या बेंचवर बसला. मी मधल्या सुट्टीत पळत गेले. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला होता. "अंकित, हे तर सोनं आहे! माझा प्रश्न खरा ठरला! केस झाली ना ही!"

तो म्हणाला, "माह्या मायची बाग हाय ते."

घरी येताना गाडी कुठे वळवली कळलं नाही. शहराच्या टोकाला पारडीपर्यंत जाऊन आले.

२१ जानेवारी

अंकितला धरूनच बसले. शेवटी बोलला. काकू झाडाला सांगते, "म्हना, आमची पाळी उभी हाय." काका मोटरला सांगतात, "पाळी गेली म्हना." आधी असं कधी बोलायचेच नाहीत ते. काका रात्री जेवले नाहीत म्हणे. द्यायचं मनात आहे, पण देत नाहीत.

"काहून?"

"तुह्या रेकॉर्डिंगमुळं."

२३ जानेवारी, गुरुवार

ऑफिसात पोटदुखी सांगितली आणि पहिली एसटी पकडली. वाटेत कुठेही उतरले नाही. बोरांकडे पाहिलंसुद्धा नाही!

काकूच्या बागेत पानं गळायला लागलीत. खाली पिवळा थर. काका विहिरीवर होते, आधीच घरी आलेला अंकितही. मी सरळ विचारलं, पाणी का देत नाही?

"कसं देऊ, सांग. तूच माह्याकडून वदवून घेतलं. रेकॉर्ड केलं. आता ते छापून येईन. इकडे मी पानी देलं तं लोक काय म्हनतीन? कवडू बोलला एक अन् केलं एक. अन् ह्या अंकितनंच मले सांगतलं, कोर्टात आपला शब्द आपल्यावरच उलटते."

"मोठेबाबा, ते मी दुसऱ्या केसबद्दल—" अंकित मधे पडला.

"तू चूप बस गा, वकीलसाहेब."

काकू दोन झाडं सोडून उभी होती. झाडाला म्हणाली, "त्याईले म्हना, झाडाले रेकॉर्ड ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "काका, ते उडवून टाकलं तर?"

"उडवते का तू?"

विहिरीच्या काठावर उभी राहून दोन्ही उडवली. आधी काकांचं, मग काकूचं. दाखवायला मोबाईल पुढे केला तर काका तिथे नव्हतेच, वाकून व्हॉल्व्ह फिरवत होते. "दाखवते काय? तू म्हन्ली उडवलं, म्हंजे उडवलं."

स्टार्टर दाबला. पाणी काकूच्या बागेकडे धावलं! पहिल्या आळ्यात शिरलं तेव्हा मातीतून बुडबुड आवाज आला, काकूनं चप्पल काढून पाय त्यात ठेवला. मग झाडाला म्हणाली, "चहा ठेवते म्हना. साखर कमी का जास्त?" "जास्त म्हना," काका मोटरला म्हणाले. अंकित हसायला लागला, मग मीपण, मग थांबताच येईना!

एसटीत खिडकीला डोकं टेकवून गाणी म्हटली. बागही वाचली आणि विषयही! कारण रेकॉर्डिंगची कॉपी लॅपटॉपमध्ये आहे. मेलमध्येपण. मी काय येडी आहे?

२५ जानेवारी, शनिवार

पंधरा पानं! एका बैठकीत! आई दोनदा दारातून डोकावून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "मले वाटलं नव्हतं वं." एवढंच. पण तिनं चहा टेबलावर आणून दिला, कधी नव्हे ते. कमिटीला तोंडपाठ सांगू शकते आता. असं कधी झालं नव्हतं माझं!

२६ जानेवारी, रविवार

काकांचं वाक्य शब्दाला शब्द उतरवायचं होतं, म्हणून कॉपी लावली. "लिहा" म्हणेपर्यंत ऐकलं. मग विहिरीवरचं त्यांचं वाक्य आठवलं, "तू म्हन्ली उडवलं, म्हंजे उडवलं," आणि बंद केली. लॅपटॉपमधून काढली, मेलमधून काढली, पंधरा पानंही काढली. सोमकुवर सरांना कळवलं — सर, माझ्याकडे विषय नाही.